गबरूला दुपारी नेताना

यंदा दिवाळी उलटली आणि वाडीत चिकूची तोडणी पुन्हा जोरात सुरू झाली. नरपडला आमच्या घरामागे चिकूची बावीस झाडं आहेत. कुंपणापलीकडे धनसुखभाईंची मोठी वाडी. सकाळी सात वाजता जाळी लावलेल्या लांब काठ्या झाडांत शिरतात, वरची जड पानं हलतात, आणि देठातून टपकणाऱ्या चिकाचा कडवट हिरवा वास कुंपण ओलांडून थेट स्वयंपाकघरात येतो. सुलभा, माझी बायको, लगेच खिडकी लावून घेते. मी पुन्हा उघडतो. वास मला फार आवडतो असं नाही, पण तो आला की दोन वर्षांपूर्वीचा, सतरा सालचा हिवाळा आठवतो, आणि दुपारी शाळेतून परतल्यावर जेवणाआधीच माझा हात गबरूच्या पट्ट्याकडे जातो.

गबरू आमचा कुत्रा. गावठी, मातकट रंगाचा, एक कान उभा आणि एक दुमडलेला. आमच्या मुक्तानं त्याला डहाणू स्टेशनबाहेरून, कलिंगडाच्या गाडीखालून उचलून आणला, तेव्हा तो तिच्या ओंजळीत मावत होता. नाव तिनंच ठेवलं. लहानपणापासून तो जरा हळवाच. भांडं पडलं तरी कान पाडायचा, पण मग स्वतःच जाऊन ते भांडं हुंगून यायचा. मुक्ता नर्सिंग शिकायला नाशिकला निघाली, तेव्हा तिनं मला एवढंच सांगितलं होतं, "बाबा, याच्यावर ओरडू नका हां. त्याच्या मनाला लागतं."

मी ओरडलो नाही. मी जे केलं ते कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

चिकू पिकायला लागला की संध्याकाळी वटवाघळं येतात. त्यांना पळवायला आमच्याकडे कुणी डबे वाजवतं, कुणी फटाके लावतं. त्या वर्षी सगळ्यांनी प्लास्टिकच्या पाइपची कार्बाइडची बंदूक आणली होती. गोळी नाही, छर्रा नाही, नुसता आवाज. पण तो छातीत जाणवतो. पहिल्या बारालाच गबरू घरात पळाला आणि पलंगाखाली शिरला. धनसुखभाई कुंपणापाशी उभे होते. ते हसून म्हणाले, "आ कुतरो कामनो नथी, सर. वाडीचा कुत्रा बाराला घाबरतो? टेव पाडो, टेव."

टेव म्हणजे सवय. मला ते पटलं. धनसुखभाईंना दोष देत नाही. ते बोलून गेले आणि विसरले. पण मी मास्तर. सव्वीस वर्षं तलासरीच्या शाळेत मी हेच करत आलो होतो. बोलायला लाजणाऱ्या मुलांना मुद्दाम परिपाठाला पुढे उभं करायचं, दोनदा रडतील, तिसऱ्यांदा बोलतील. माझ्या हिशेबी सवय अशीच लागते. म्हणून मी गबरूला बंदुकीपासून दहा-बारा पावलांवर, आमच्या कोपऱ्यातल्या झाडाच्या बुंध्याला बांधला, आणि संध्याकाळी बार काढले. अशा तीन संध्याकाळी.

चौथ्या दिवशी तो बाहेर येईना. त्या दिवसानंतर नुसत्या बाराला नाही, सगळ्यालाच घाबरू लागला. कुकरच्या शिट्टीला, छत्री उघडण्याला, मोटारसायकलला, दारात आलेल्या पोस्टमनला, उन्हात हलणाऱ्या धोतराला. फाटक दिसलं की पाय रोवायचा. परसात जायलासुद्धा सुलभानं पुढे चालावं लागे, आणि तिच्या साडीचं टोक नाकाला लागत असेल तरच तो मागून येई. मी हात वर केला, अगदी दिव्याच्या बटणाकडे नेला, तरी जमिनीला चिकटून बसायचा आणि त्याच्याखाली ओलं व्हायचं. सुलभा मुकाट्यानं पुसायची. एकदाच म्हणाली, "आता बरीच सवय लागली म्हणायची."

मुक्ताचा फोन रोज रात्री जेवणानंतर यायचा. पहिला प्रश्न ठरलेला. "गबरू काय म्हणतो?"

"मजेत आहे."

"जरा भुंकायला लावा ना, मला ऐकायचंय."

"आत्ताच झोपलाय गं."

होळीला ती चार दिवस घरी येणार होती. तोवर गबरूला पूर्वीसारखा करायचा, म्हणजे तिला काही सांगावंच लागणार नाही, असं मी मनाशी ठरवलं. त्या हिवाळ्यातल्या आमच्या फेऱ्या अशा सुरू झाल्या. पुढे त्यांच्याबद्दल मी कितीही प्रेमानं लिहिलं, तरी त्यांची सुरुवात लपवाछपवीतून झाली होती, हे आधीच सांगून टाकतो.

माझी शाळा सकाळची. दीडपर्यंत मी घरी. दुपारी दोन-अडीचला नरपड एकदम शांत असतं. रस्त्यावर ऊन आणि सुरूच्या झाडांची बारीक सावली, लांबून समुद्राचा घरघराट. मी गबरूला फाटकाबाहेर काढायचो, म्हणजे जवळजवळ ओढायचोच, आणि दोन वाड्यांमधल्या पायवाटेनं धनसुखभाईंच्या शेडकडे न्यायचो. माणसांत मिसळला की सुधारेल, ही माझी कल्पना. शेडमध्ये चिकूचा ढीग पडलेला असे आणि भोवती दहा-बारा बाया माल निवडत बसलेल्या. मोठा वेगळा, मधला वेगळा, डागी वेगळा. त्या बहुतेक सायवनच्या बाजूच्या पाड्यांवरून टमटमनं येत.

पहिल्या दिवशी आम्हाला बघून सगळ्या एकदम वळल्या. "ए, ये ये ये... चुक चुक चुक..." दहा-बारा तोंडं, दहा-बारा पुढे केलेले हात. मी खिशातून बिस्किटं काढून ओरडतोय, "जा, गबरू, जा ना." गबरूनं जागेवरच धार सोडली आणि पट्ट्यातून मान सोडवायला धडपडू लागला. बाया हसल्या. एक म्हणाली, "नाव काय तं म्हने गबरू."

तेव्हा ढिगाच्या पलीकडून आवाज आला, "ए बायांनो, माल बघा आपला. त्याच्याकडं नका बघू."

ती लखमीबाय. पन्नाशीची, बारीक, काटक. हातांना चीक लागून बोटं काळी पडलेली. त्या सगळ्यांची ती पुढारीण. कोण किती वेळ कामाला बसलं, कोणाला ताप आहे, कुणाचं मूल पडवीत झोपवायचं, सगळं तिच्या शब्दावर. बाया लगेच ढिगाकडे वळल्या. लखमीबाय माझ्याकडेही न बघता म्हणाली, "सर, तुमीपन नका बघू. रोज आना त्याला. पन आनलाय आसा दाखवू नका."

"मग करायचं काय?"

"काय नाय. बसा. तुमाला बसता येतां ना?"

बाया पुन्हा हसल्या, या वेळी मला.

मी फणसाच्या झाडाखाली बसलो. बिस्किटं खिशात ठेवली. इतक्या वर्षांत काहीही न करता अर्धा तास एका जागी बसण्याची मला सवय नव्हती. दर दोन मिनिटांनी कुत्र्याकडे नजर जायची. पलीकडून आवाज यायचा, "सर, डोले." मी डोळे वळवायचो. कळायला मला आठवडा लागला, पण त्या जागेची सगळी करामत बायांच्या बसण्यात होती. त्या ढिगाकडे तोंड करून, गोल धरून बसत. बाहेरून येणाऱ्याला दिसत त्या फक्त पाठी. विटक्या लुगड्यांच्या, मध्येच एखाद्या निळ्या गाऊनच्या, एका रांगेत हलणाऱ्या दहा-बारा पाठी, आणि कुणाचाच चेहरा नाही. गबरूला भीती तोंडाची होती, त्याच्यावर रोखलेल्या डोळ्यांची होती, वर येणाऱ्या हाताची होती. पाठीला तो घाबरत नव्हता.

पाचव्या की सहाव्या दिवशी तो माझ्यापासून चार पावलं पुढे गेला. मग पोट जमिनीला घासत आणखी थोडा. एका पाठीमागे, हातभर अंतरावर, मान लांब करून त्यानं वास घेतला. त्या बाईला मागे काय आहे ते कळलं असणार, कारण तिचे हात क्षणभर मंदावले. लखमीबाय तिच्याकडे न बघता म्हणाली, "चालू दे गो." हात पुन्हा चालू झाले. गबरूनं एक एक पाठ हुंगली. मध्येच कुणी खोकलं, की उलट्या पायी माझ्यापर्यंत. दोन मिनिटांनी परत पहिल्या पाठीपासून सुरुवात. एकही पाठ त्यानं वगळली नाही. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की मी याला भित्रा म्हणतो ते चूक आहे. हा घाबरलाय, आणि तरी जातोय. मी स्वतः जिथं घाबरतो तिथं जातच नाही.

त्या फेऱ्या आठवल्या की क्रम लागत नाही, तुकडे येतात. हौदात धुतलेल्या चिकूंचं तपकिरी पाणी पाटातून वाहायचं आणि गबरू त्यात पाय बुडवून, मग स्वतःच्याच ओल्या पंजाकडे शंकेनं बघायचा. बायांच्या गप्पा बहुतेक त्यांच्या बोलीत. मला निम्म्या कळत. कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाच्या बकरीला तीन पिल्लं झाली. मध्येच मला टोमणा: "सर, तुमच्या शालेत पोरा आशीच बसतात का, तुमच्याकडं पाठ करून?" मी म्हणालो, "बसली असती तर शिकली असती." त्यावर लखमीबाय खळखळून हसली आणि दचकून पळालेल्या गबरूला उद्देशून ढिगाकडेच बघत म्हणाली, "हासले रे बाबा, हासले. हासूपन नको का?"

जानेवारीत आम्ही समुद्रावर जाऊ लागलो. लखमीबायनंच सांगितलं होतं, की एकाच जागेचा शहाणा झाला तर उपयोग नाही. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले असायचे, तोंडात तोंड अडकवून, वाऱ्यावर हलणारे. हलणारी प्रत्येक वस्तू गबरूची वैरी. पण या वस्तूंना वास होता. तिथं भीती आणि भूक यांची जी ओढाताण त्याच्या अंगात चालायची ती बघण्यासारखी होती. पुढचे पाय मांडवाकडे, मागचे घराकडे. एक कोळीण जाळं झटकताना म्हणाली, "ओ सर, पुढचा कुत्रा तुमचा न् मागचा कोनाचा?" हसताना मी हात वर केला आणि लगेच खाली घेतला. गबरू बसला नाही. दचकला, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा बोंबलाकडे तोंड केलं. त्या दिवशी वाळूवरून परत येताना मला रडू येत होतं, आणि रडायला लाज वाटत होती.

एकदा लखमीबायनं विचारलं होतं, "याला कोनी भिवावला, सर?"

"लहानपणापासूनच असा आहे," मी म्हणालो.

"आसां," ती म्हणाली आणि एक डागी चिकू बाजूला टाकला.

फेब्रुवारीतली एक दुपार. आम्ही फणसाखाली बसलो होतो आणि शेडमागे कुणाच्या तरी मोटारसायकलच्या सायलेन्सरमधून बार निघाला. अगदी तसाच. पट्टा माझ्या हातातून सुटला. गबरू पळाला, घराकडे नाही आणि माझ्याकडे तर नाहीच. मी हात पसरले होते, त्यांच्या बाजूनं तो निघून गेला आणि दोन बायांच्या मधून गोलात घुसला, आणि लखमीबायच्या मांडीला लागून, तिच्या पदराखाली डोकं खुपसून थरथरत पडला. मी धावलो. ती म्हणाली, "थांबा तिथंच." बाकी काही नाही. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, चुचकारलं नाही. तिचे हात चालूच. मोठा, मधला, डागी. सगळ्या बायांचे हात चालू. गप्पाही चालू, फक्त आवाज जरा खाली. चिकूवर चिकू पडल्याचा तो मऊ, एकसारखा आवाज. किती वेळ गेला माहीत नाही. त्या पदराची थरथर आधी कमी झाली, मग थांबली, मग त्यातून एक कान बाहेर आला, दुमडलेला.

बाया निघाल्या तेव्हा लखमीबाय माझ्यापाशी आली. हात मातीनं चोळत, खाली बघतच म्हणाली, "तुमच्या वाडीतले बार हितवर ऐकू यायचे, सर. कुतराबी ऐकू यायचा. आमी साऱ्या हितंच बसलेल्या." ती टमटमकडे गेली.

म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. चार महिने त्यांनी मला त्या फणसाखाली बसू दिलं होतं, हसल्या होत्या, पण त्या एका गोष्टीवरून कधी टोचलं नव्हतं. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतक्या थोर माणसांची संगत लाभली नाही, आणि ती मला कुत्र्याच्या पायगुणानं लाभली.

होळीच्या आदल्या दिवशी मुक्ता आली. गबरू फाटकापर्यंत धावला, तिच्या पिशवीचा वास घेतला, मग तिचा, आणि मग पूर्ण अंग हलवत तिच्याभोवती असा फिरला, की तिनं पिशवी रस्त्यातच टाकली. दुपारी आम्ही तिघं शेडवर गेलो. तो आपला गोलाकडे गेला, नेहमीप्रमाणे पाठींची हजेरी घेतली आणि लखमीबायच्या शेजारी बसला. मुक्ता बघतच राहिली. मी वाटेत तिला वरवरचं सांगितलं होतं, की ती गेल्यावर गबरू जरा बुजरा झाला होता, रोज इथं आणून सवय केली. ती बायांना म्हणाली, "आमच्या बाबांना एवढा धीर आहे हे मला माहीतच नव्हतं. किती मायेनं केलं ना त्यांनी?"

सगळे हात चालू होते. मी लखमीबायकडे बघितलं. ती चिकूच्या ढिगाकडे बघत होती, अगदी तशीच, जशी चार महिने गबरू जवळ आल्यावर बघायची. घाबरलेल्याला त्रास होऊ नये म्हणून नजर काढून घ्यायची, ती तिची रीत, आज तिनं माझ्यासाठी वापरली होती. गबरूनं त्या वळवलेल्या नजरेचा फायदा घेऊन चार पावलं टाकली होती. मला वाटलं, आता मी जागेवरच बसून राहिलो तर कायमचा इथंच बसेन.

परतताना पायवाटेवर मी मुक्ताला सगळं सांगितलं. बंदूक, झाड, पट्टा, फोनवरचं "मजेत आहे". ती चालायची थांबली. गबरू आमच्या मध्ये उभा, एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत.

मग तिनं विचारलं, "किती दिवस बांधलंत?"

"तीन."

"पहिल्या दिवशी तुम्हाला कळलं नसेल. दुसऱ्या दिवशी वाटलं असेल, होईल सवय. तिसऱ्या दिवशी कशाला बांधलंत, बाबा? दोन दिवस तो ओरडत होता ना?"

मला वाटलं होतं माझं सगळं सांगून झालंय. हे राहिलं होतं, कारण ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"तिसऱ्या दिवशी तो ओरडला नाही," मी म्हणालो. "पहिल्या बारालाच गप्प झाला. नुसता उभा होता. मला वाटलं, जमलं. म्हणून आणखी चार बार काढले."

मुक्ता म्हणाली, "शाळेतसुद्धा असंच बघता? गप्प झालं की जमलं?"

तिनं पट्टा माझ्या हातून घेतला आणि पुढे निघून गेली. त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी होळी पेटली, नारळ भाजले, सुलभानं पुरणपोळ्या वाढल्या. मुक्ता सगळ्यांशी बोलली, माझ्याशी नाही. मी कारण सांगत बसलो नाही. कारण होतं कुठं?

त्यानंतर शाळेत परिपाठाला मी कुणाला ओढून उभं केलेलं नाही. वर्गात एखादं मूल अचानक गप्प झालं, की मी आता फळ्याकडे वळून काहीतरी लिहीत बसतो, त्याला वेळ मिळावा म्हणून. किती मुलं त्या आधीच्या सव्वीस वर्षांत तशी गप्प झाली असतील आणि मी त्यांना पास म्हटलं असेल, याचा विचार करायला बसलो की झोप येत नाही. ते माझं मला भोगायचं आहे. पण गबरूबद्दल लिहिताना स्वतःचंच रडगाणं गावं हे काही खरं नाही. त्याच्या हिंमतीपुढे माझी खंत फार लहान आहे. आजही बार झाला की तो थरथरतो. आणि थरथर थांबली की, कुणी न सांगता, उठून बघायला जातो.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दोनला, मुक्ता पट्टा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "चला."

फाटकाबाहेर आल्यावर तिनं तो माझ्या हातात दिला. "तुम्ही न्या. मी मागून येते. तुम्ही त्याला कसे नेता ते बघायचंय मला."

मी पुढे झालो. पायवाटेवर वाळलेली पानं पडली होती. अर्ध्या वाटेत कुंपणाआड काहीतरी खसफसलं आणि गबरू थांबला. कान मागे, एक पाय उचललेला. मी पट्टा सैल सोडला आणि समोर, झाडांकडे बघत उभा राहिलो. मागे तिच्या चपलांचा आवाज थांबला. तो पाय खाली टेकेपर्यंत आम्ही दोघं तशीच उभी होतो.